एका रात्रीचं नाट्यगृह

फुलचूर नाक्यावर उभं राहिलं की गोंदिया शहर कुठे संपलं आणि फुलचूर कुठे सुरू झालं हे कळत नाही, इतकी घरं एकमेकांना भिडली आहेत. इथून रस्ता आमगावकडे जातो. बाजारहाट, कॉलेज, दवाखाना अशा कामांसाठी माणसं दिवसभर या वाटेनं ये-जा करतात. ही वाट भारतातल्या एका थोर नाटककाराच्या गावाकडे जाते, हे त्यातल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. मागे फिरून गोंदिया स्टेशन गाठलं आणि बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली, तर सौंदड, अर्जुनी मोरगाव मागे टाकत ती वडशाला पोचते. तिथे दिवाळी झाली की रोज रात्री नाटकं बाहेरगावी निघतात, ती थेट होळीपर्यंत.

म्हणजे एका हाताला तेराशे वर्षांपूर्वीचं नाटक, दुसऱ्या हाताला या हिवाळ्यातलं. मध्ये आमचं फुलचूर.

'राष्ट्रीय रंगभूमी' म्हटलं की डोळ्यांपुढे घुमट, संगमरवरी जिना आणि लाल मखमली खुर्च्या येतात. आमच्या झाडीपट्टीची रंगभूमी संध्याकाळी उभी राहते आणि सकाळी उतरवून ट्रकवर चढते. तिला इमारत नाही. तरीही भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत ती जितकी माणसं जमवते, तितकी जमवताना भल्याभल्या वातानुकूलित नाट्यगृहांना घाम फुटतो.

पत्ता लिहून ठेवणारा नाटककार

भवभूती आठव्या शतकातला. जुने कवी स्वतःबद्दल फार बोलत नाहीत. कालिदासाचं गाव कोणतं, यावर पंडितांचे वाद अजून मिटलेले नाहीत. भवभूतीनं मात्र नाटकाच्या प्रस्तावनेतच पत्ता देऊन ठेवला. दक्षिणापथात, विदर्भात, पद्मपूर नावाचं नगर. आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातुकर्णी. आईचं नाव आवर्जून सांगणारा हा नाटककार मला फार जवळचा वाटतो.

हे पद्मपूर म्हणजे आपल्या आमगाव तालुक्यातलं पदमपूर, असं नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी दाखवून दिलं. वाकाटकांच्या एका अर्धवट राहिलेल्या ताम्रपटातही पद्मपूरचं नाव येतं, म्हणजे भवभूतीच्या आधीही हे गाव नाव असलेलं होतं. आमगावच्या कॉलेजचं नाव भवभूती महाविद्यालय आहे ते याच नात्यानं.

त्याची तीन नाटकं आपल्यापर्यंत पोचली: 'महावीरचरित', 'मालतीमाधव' आणि 'उत्तररामचरित'. या तिन्हींत मिळून एकही विदूषक नाही! संस्कृत नाटक म्हटलं की राजाचा खादाड मित्र हमखास येतो. भवभूतीनं तो घेतलाच नाही. आज त्याच्याच मुलखात विनोदी पात्राशिवाय नाटक लावून बघा, प्रेक्षक मध्यरात्री घोंगडी गुंडाळून घरी जातील.

त्याची नाटकं पहिल्यांदा कुठे झाली? राजवाड्यात नव्हे, यात्रेत. कालप्रियनाथाच्या उत्सवाला जमलेल्या लोकांपुढे हे नाटक होतंय, असं सूत्रधार सुरुवातीलाच सांगतो. हा कालप्रियनाथ उज्जैनचा की काल्पीचा, याचा वाद विद्वानांनी खुशाल घालावा. यात्रा आणि नाटक यांची सोबत तेव्हापासूनची आहे, एवढं आपल्याला पुरे.

लक्ष्मण प्रेक्षकांची बसायची सोय करतो

'उत्तररामचरित'चा सातवा अंक झाडीपट्टीतल्या प्रत्येक नाट्यमंडळानं एकदा तरी वाचावा. वाल्मीकींनी सीतेच्या त्यागाची कथा नाटक म्हणून लिहिली आहे. प्रयोग गंगेच्या काठावर, उघड्यावर. काम करणार अप्सरा. प्रेक्षकांत देव, दानव, नगरवासी, खेड्यातली माणसं, सगळेच. आणि एवढ्या सगळ्यांना नीट बसवायची जबाबदारी लक्ष्मणाकडे! गावच्या मंडळाचा जो पोरगा हातात काठी घेऊन 'बसा, बसा, मागच्यांना दिसू द्या' म्हणत फिरतो, त्याचा हा मूळ पुरुष.

नाटक सुरू होतं. रंगमंचावरची सीता आकांत करते आणि राम इतका हलतो की नाटक चाललंय हेच विसरतो, उठून तिला सावरायला बघतो. तेव्हा लक्ष्मण त्याला भानावर आणतो की दादा, हे नाटक आहे.

एका मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, रात्री मी तणसावर बसलो होतो. शेजारी साठी-सत्तरीतली एक आजी, डोक्यावरून पदर आणि वर मुलाचं स्वेटर. नाटकातला मुलगा शहरात जाऊन आईला विसरला होता. आजी बराच वेळ गप्प होती. मग एकदम कळवळून स्टेजकडे बघत म्हणाली, "घरी जाय ना बाबू, माय वाट पाहून रायली." तिच्या नातवानं हळूच तिचा हात दाबला आणि म्हणाला, "आजी, नाटक आहे ते." आजीनं मान हलवली, डोळे पुसले आणि पुन्हा पुढे सरकून बसली. त्या नातवानं भवभूती वाचलेला नसणार. पण सातव्या अंकातलं लक्ष्मणाचं वाक्य तो बरोब्बर त्याच जागी बोलला.

थिएटर बांधायला किती वेळ लागतो?

आमच्याकडे एक दिवस. धान कापून झालेलं असतं, बांध्या मोकळ्या असतात, पुंजणे रचलेले असतात. गावाजवळची एक सपाट जागा बघायची. सकाळी बल्ल्या रोवल्या जातात, दुपारी कापड ताणलं जातं, संध्याकाळी वायर आणि दिवे. काही गावांत स्टेजपुढची जमीन उताराची खणून घेतात आणि निघालेली माती स्टेजच्या चौथऱ्याला लावतात. मागे बसणाऱ्यालाही नीट दिसावं म्हणून ग्रीकांनी डोंगरउतारावर दगडी पायऱ्या खोदल्या. तीच अक्कल आमच्या शेतकऱ्यानं फावड्यानं वापरली.

तिकिटाचे दर जागेप्रमाणे. खुर्ची महाग, जमीन स्वस्त. माझा सल्ला विचाराल तर जमीनच घ्या. खाली तणस किंवा सतरंजी, अंगावर घोंगडी, दोन्ही बाजूंना माणसांची ऊब. खुर्चीवाल्याच्या पाठीत थंडी शिरते.

स्टेजच्या अगदी पुढे, थोडं खाली, वाजवणारे बसतात. पात्रांच्या डोक्यावर माइक टांगलेले असतात आणि संवादाची वेळ आली की पात्र बरोब्बर माइकखाली येऊन उभं राहतं. रोज नवं गाव आणि अनेकदा नवं नाटक, त्यामुळे प्रॉम्प्टरला इथे फार मान. तालमीला वेळ कमी असतो, रात्रीची मुदत मात्र मोठी. पडदा दहाच्या सुमाराला उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. गाणी, लावणी, विनोद, रडणं, मारामारी, पुन्हा गाणं. मुंबईचं नाटक अडीच तासांत संपतं हे ऐकून इथली माणसं विचारतात की मग बाकीची रात्र काय करतात?

आणि पडदे! हातानं रंगवलेले. एकावर राजवाडा, एकावर रस्ता, एकावर जंगल, एकावर श्रीमंताचा दिवाणखाना, त्यात जिना, झुंबर आणि खिडकीबाहेर डोंगर. जिन्याच्या पायऱ्या रंगाच्या असतात, पण सावली अशा अंदाजानं दिलेली असते की मागच्या रांगेतल्या माणसाला कुणीतरी वरून उतरून येईल असं वाटतं. ही चित्रकला कुठल्याच संग्रहालयात नाही. ती असायला हवी. एखादा जुना पडदा फाटून गोठ्यात आडोशाला लागलेला दिसला की जीव तुटतो.

वडसा नावाचं स्टेशन

देसाईगंज हे कागदावरचं नाव, माणसांच्या तोंडी वडसा. गडचिरोली जिल्ह्यात रेल्वे पोचलेलं हे गाव, म्हणून आजूबाजूच्या चारही जिल्ह्यांना सोयीचं. नाटक कंपन्यांनी इथे बस्तान बसवलं ते याच कारणानं. कंपन्यांची संख्या पन्नासच्या आसपास सांगतात. हंगामाच्या आधी गावोगावच्या मंडळांची माणसं इथे येतात, नाटक कोणतं, पात्रं कोण, तारीख कोणती हे ठरवतात, पैसे मोजतात आणि गावी जाऊन तिकिटं विकतात. उरलेला पैसा देवळाला, शाळेला, गावाच्या कामाला. नाटकात गुंतवणूक करणारं गाव ही कल्पना इथे कुणाला नवीन वाटत नाही.

पूर्वी गावातलेच हौशी तरुण नाटक बसवायचे, बायकांची कामंही पुरुषच करायचे. पुढे नट्या बाहेरून येऊ लागल्या, मग सगळीच मंडळी व्यावसायिक झाली. त्याही मागे गेलं की दंडार लागते: ढोलकीच्या तालावर, पुरुषांनीच स्त्रीवेष घेऊन, सोंगं काढत रात्रभर चालणारा खेळ. खडी गंमतही त्याच घरातली. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीसाठी आणि तिच्या लोककलांसाठी आयुष्य वेचलं, म्हणून यातलं पुष्कळसं आज कागदावर आहे.

या रंगभूमीवरचं सर्वांत मोठं नाव डॉ. परशुराम खुणे यांचं. गडचिरोली जिल्ह्यातल्या कुरखेडा तालुक्यातले शेतकरी नट. पाच हजारांहून जास्त प्रयोग आणि आठशे वेगवेगळ्या भूमिका! २०२३ साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीतल्या गावागावांत आपल्याच घरी पेढे आल्यासारखं वाटलं. त्याआधी २०२२ साली तृषांत इंगळे यांचा 'झॉलीवूड' हा मराठी चित्रपट आला आणि पुण्या-मुंबईच्या पुष्कळ प्रेक्षकांना या जगाचा पत्ता पहिल्यांदा लागला.

मंडईत सोयरीक, पटात बैल

दिवाळी संपली की गावोगावच्या मंडया लागतात. आज या गावची, उद्या त्या गावची. लेकी माहेरी येतात, जावई येतात, पाहुण्यांनी घर भरतं. दिवसा दुकानं, पाळणे, दंडार, रात्री नाटक. कितीतरी घरांतल्या सोयरिकी याच गर्दीत ठरल्या. मुलगी बघायला म्हणून वेगळं जायची गरज नसे, नाटकाला आलं की काम होई.

दुसरा आधार शंकरपटाचा. दिवसा बैलजोड्यांची शर्यत, रात्री नाटक, असा जोडीचा कार्यक्रम. म्हणून बैलांचा निकाल लागला की नाटकवाल्यांचाही लागतो. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली, तशी पटाची गर्दी गेली आणि तिच्यावर विसंबलेले नाटकाचे प्रयोगही अडचणीत आले. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्रात शर्यतींना परवानगी मिळाली, २०२३ मध्ये घटनापीठानं ती परवानगी देणारा कायदाही उचलून धरला. दिल्लीतल्या कोर्टाचा निकाल वडशातल्या तबलजीच्या घरापर्यंत असा पोचतो.

भिंती असलेल्यांची गोष्ट

आता थोडं बाहेरही बघू, कारण भिंती असलेल्या नाट्यगृहांच्या गोष्टीही कमी रंगतदार नाहीत.

विष्णुदास भावे यांचं 'सीतास्वयंवर' सांगलीत १८४३ साली झालं. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. आमचा हंगामही त्याच सुमाराला उघडतो. पण भाव्यांच्या दीडशे वर्षं आधी, मराठी मुलखापासून पार दूर तमिळ भूमीत, तंजावरचे शहाजीराजे भोसले मराठीत नाटकं लिहीत होते.

मुंबईत ग्रँट रोडचं थिएटर १८४६ साली उभं राहिलं ते नाना शंकरशेट यांच्या पुढाकारानं. कोल्हापूरचं पॅलेस थिएटर शाहू महाराजांनी बांधलं, ते १९१५ साली खुलं झालं. शेजारीच त्यांचं खासबाग कुस्ती मैदान. एका बाजूला गाणं, दुसऱ्या बाजूला शड्डू! पुढे या थिएटरला केशवराव भोसल्यांचं नाव मिळालं. ९ ऑगस्ट ही केशवरावांची जयंती. २०२४ साली नेमकी तिच्या आदल्या रात्री नाट्यगृहाला आग लागली आणि कोल्हापूरची माणसं रस्त्यावर उभी राहून रडली.

असंच एकदा प्रागमध्ये घडलं. चेक लोकांनी गावागावांतून पैसा जमवून आपलं राष्ट्रीय नाट्यगृह बांधलं. ते १८८१ साली उघडलं आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जळालं. लोकांनी ४७ दिवसांत पुन्हा पैसा उभा केला आणि १८८३ साली पडदा परत वर गेला. रंगमंचाच्या माथ्यावर त्यांनी जे कोरलंय त्याचा अर्थ, राष्ट्रानं स्वतःसाठी. आमच्या मंडळाच्या पावती पुस्तकावरही हेच छापता येईल.

लंडनची कथा उलटी. राष्ट्रीय नाट्यगृहाची कोनशिला १९५१ साली बसली, कंपनी सुरू झाली १९६३ साली, तीही दुसऱ्याच्या जुन्या थिएटरात. स्वतःची इमारत उघडली १९७६ साली, आणि तीसुद्धा कोनशिलेच्या जागी नाही, जरा बाजूला. कोनशिला ते पडदा, पंचवीस वर्षं. आमच्या बल्ल्या सकाळी रोवल्या की रात्री घंटा होते.

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिराची गोष्ट मनाला चटका लावते. १९६२ साली भूमिपूजन खुद्द बालगंधर्वांच्या हातून झालं. २६ जून १९६८ ला रंगमंदिर उघडलं, तेव्हा ते नव्हते. १९६७ च्या जुलैत ते गेले होते.

आणि दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय, स्थापना १९५९. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी तिथे संचालक होते. त्यांचा गाजलेला 'अंधा युग' १९६३ साली कुठे झाला? फिरोजशाह कोटल्याच्या पडक्या अवशेषांत, उघड्या आभाळाखाली. देशाच्या नाट्यशाळेलाही मोठं काही करायचं तेव्हा छपराबाहेर यावं लागलं. आमची आजी तणसावर बसते तेव्हा ती कुठल्या दुय्यम रंगभूमीच्या आवारात बसलेली नसते, हे मला त्यामुळे अगदी खात्रीनं म्हणावंसं वाटतं.

पहाटे चारला

शेवटचा अंक लागतो तेव्हा लहान मुलं केव्हाच झोपलेली असतात. चहावाल्याची भट्टी अजून पेटलेली. दंव पडून कापड ओलं झालेलं. पडदा पडतो, माणसं कपड्यावरचं तणस झटकत उठतात, बाया मुलांना खांद्यावर घेतात. स्टेजच्या मागे नुकतीच मेलेली नायिका आरशासमोर तोंडाचा रंग पुसत असते, कारण संध्याकाळी पुढच्या गावी पुन्हा तोच रंग लावायचा आहे. उजाडेपर्यंत बल्ल्या निघतात. दुपारी तिथे गेलात तर खड्डे, तिकिटांचे तुकडे आणि चरणारी जनावरं.

इमारतीला पुरातत्त्व खातं असतं, दुरुस्तीचा निधी असतो, वारसा म्हणून नोंद असते. एका रात्रीच्या नाट्यगृहाला यातलं काहीच लागू होत नाही. म्हणून त्याचे पडदे, हातानं लिहिलेल्या संहिता, जुन्या जाहिराती आणि म्हाताऱ्या नटांच्या आठवणी जपायचं काम आपल्यालाच करावं लागेल. गोंदियात भवभूतीच्या नावानं अशी एक खोली झाली, तरी पुष्कळ झालं.

आणि तोवर एक करा. दिवाळीनंतर गावोगावी मंडईच्या जाहिराती लागतील. घोंगडी घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत घ्या, जमिनीचं तिकीट काढा आणि पहाटेपर्यंत बसा.